ऐकलेले सुत्त

पाली सुत्तांचे मराठी भाषांतर हाती घेणाऱ्या वाचकाला पहिली अडचण येते ती पुनरुक्तीची. एकच वाक्य एखाददुसऱ्या शब्दाच्या फरकाने चार वेळा, आठ वेळा समोर येते. छापील प्रतींत अशा ठिकाणी ‘पेय्याल’ या शब्दाचे संक्षिप्त रूप घालून मधला मजकूर गाळलेला असतो. पूर्वीप्रमाणेच समजावे, एवढाच त्याचा अर्थ. साहित्याच्या वर्गात पुनरुक्ती हा दोष मानला जातो, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. मात्र हे वाङ्मय डोळ्यांसाठी रचलेलेच नव्हते. ते कानांसाठी होते, आणि कानाला मागे वळून पान उलटता येत नाही.

तिपिटक प्रथम लेखनबद्ध झाले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळी, अशी परंपरा आहे. त्याआधीची काही शतके ते भाणकांच्या जिभेवर होते. कोणी दीघनिकाय मुखोद्गत करी, कोणी मज्झिमनिकाय. त्यावरून त्यांना दीघभाणक, मज्झिमभाणक म्हणत. ही माणसे आपल्यापासून फार दूरची नव्हेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका खांबावर सोपाऱ्याच्या एका भाणकाचे दान नोंदलेले आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, कोकणचे जुने बंदर. आणि राजस्थानातील बैराटच्या शिलालेखात अशोकाने काही धम्मग्रंथांची नावे देऊन भिक्खू-भिक्खुणींनी, तसेच उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत आणि त्यांचे मनन करावे, अशी इच्छा प्रकट केली आहे. वाचावेत असे तो म्हणत नाही; ऐकावेत असे म्हणतो.

महाड-पोलादपूरच्या खोऱ्याला ऐकण्याची सवय जुनी आहे. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी सांगितले आणि कल्याणस्वामींनी लिहिले, अशी दासबोधाची कथा आहे. पोलादपुरात ज्यांची समाधी दाखवतात त्या कवींद्र परमानंदांचे शिवभारत काशीच्या पंडितांना ऐकवलेले आख्यान म्हणूनच रचलेले आहे. या दोहोंच्या कितीतरी आधीची गांधारपाल्याची बौद्ध लेणी सावित्री-गांधारीच्या संगमाजवळच्या डोंगरात आहेत. काणभोज कुमार विष्णुपालिताने लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दान दिल्याचा लेख तेथे आहे. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

आज वर्षावास पाळतात ते वाड्यावाड्यांतील उपासक. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बुद्धविहारांत ग्रंथवाचन चालते. मुख्य ग्रंथ अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचना कांड, भाग आणि क्रमांक घातलेली छोटी वाक्ये अशी आहे. एकाने वाचावे, थांबावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, यासाठी ती अत्यंत सोयीची पडते. दिवसभर लावणीचा चिखल तुडवून आलेल्या बायका, एकदोन म्हातारे, मोबाइल बाजूला ठेवावयास सांगितलेली मुले असा श्रोतृवर्ग असतो. त्रिशरण-पंचशील होते, वाचन होते, शेवटी ‘साधु, साधु, साधु’ होते. पत्र्यावरच्या पावसामुळे वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो.

पोलादपूरकडील अशा एका विहारात २०२२ सालच्या पावसाळ्यात आम्ही बसलो होतो. नेहमीचे वाचन झाल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी सुत्तनिपाताचे धर्मानंद कोसंबीकृत मराठी भाषांतर उघडले आणि धनियसुत्त वाचावयास घेतले. मही नदीच्या काठी राहणारा धनिय गोप म्हणतो की माझा भात शिजला आहे, गाई दुहून झाल्या आहेत, झोपडी शाकारली आहे, अग्नी पेटलेला आहे. तेव्हा पर्जन्यदेवा, तुला वाटत असेल तर खुशाल पड. बुद्ध त्याच ठेक्यात उत्तर देतो: माझा क्रोध गेला आहे, मी या काठी एकाच रात्रीचा पाहुणा आहे, माझी झोपडी उघडी आहे आणि अग्नी विझलेला आहे, तेव्हा तूही खुशाल पड. पालीत धनियाच्या ‘पक्कोदनो’ला बुद्धाचे उत्तर ‘अक्कोधनो’ असे आहे. शिजलेला भात आणि गेलेला क्रोध यांतील हा श्लेष पानावर दिसतो. ऐकताना तो हसवतो. गुरुजींनी मूळ शब्दही म्हणून दाखवले, तेव्हा पोरे खरोखरच हसली. पावसाला उद्देशून असलेले पालुपद तिसऱ्यांदा आले तेव्हा समोरच्या बायकांचे ओठ हलू लागले, आणि पाचव्या खेपेस गुरुजींना ते म्हणावेच लागले नाही. पुनरुक्ती कशासाठी असते ते तेव्हा कळत होते: श्रोत्याला ग्रंथात जागा मिळावी यासाठी.

पण ही जागा मिळाली की श्रोता तेथे गप्प बसेलच असे नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्या वर्षीची आषाढी पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती. वर्ष उलटल्यावर, त्याच खोऱ्यात, पावसाला खुशाल पड म्हणणारे सुत्त वाचले जात होते. एक वयस्क बाई मधेच म्हणाल्या, “छप्पर घट्ट होतं आमचं बी, गुरुजी. डोंगरच खाली आला.” गुरुजी थांबले. मग ते म्हणाले, “बाय, धनियालाही तेच सांगायचंय पुढे.” आणि पुढचा भाग त्यांनी वाचला. सखल आणि उंच जागा भरून टाकीत महामेघ कोसळतो. त्या पावसाचा आवाज ऐकून धनिय शरण येतो. हे परिवर्तनही ऐकण्यातूनच घडते, ही बारीक गोष्ट आम्हांस त्या पत्र्याखालीच जाणवली.

सुत्ताच्या अखेरीस मार म्हणतो की मुलेबाळे असलेल्याला मुलांचाच आनंद असतो. बुद्ध म्हणतो की त्याला मुलांमुळेच शोक असतो. येथे कोणी ओठ हलवले नाहीत. एका वर्षापूर्वी ज्यांच्या ओळखीची घरेच्या घरे गेली त्यांना हे सांगणे सांत्वन आहे की निष्ठुरपणा, याचे उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही. त्या बाईंनी मान हलवली आणि म्हटले, “शोक होतो, पण म्हणून लेकरं नकोत, असं नाही ना?” गुरुजींनी पुस्तक मिटले नाही आणि वादही घातला नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे प्रश्न उपस्थित केले त्यांतला एक याच जातीचा आहे: जीवन दुःखच आहे असे म्हटले तर हा धम्म निराशावादी ठरत नाही काय? तो प्रश्न न वाचताही त्या बाई त्याच ठिकाणी येऊन पोचल्या होत्या.

महाडच्या संदर्भात या छोट्याशा प्रश्नाचे मोल मोठे आहे. शूद्राने जाणूनबुजून वेद ऐकल्यास त्याच्या कानांत वितळलेले शिसे ओतावे, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ज्या व्यवस्थेने कानावर पहारा बसवला तिनेच पाण्यावरही बसवला होता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या हक्काविषयी आपण पुष्कळ लिहितो. कानाच्या हक्काविषयी फारसे नाही. आणि ऐकण्याचा हक्क नुसते मुकाट ऐकण्यात पूर्ण होत नाही. ऐकलेल्याला मध्येच थांबवून, स्वयं बुद्धाच्या वचनालाही, “पण असं नाही ना?” असे विचारता येणे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय.

सुत्तांचा आरंभ बहुधा सांगणाऱ्याच्या ‘हे मी असे ऐकले आहे’ या कबुलीने होतो. तो कर्तृत्वाचा दावा करीत नाही. आपण श्रोता होतो एवढेच सांगतो. वर्गात सुत्तनिपात शिकवणाऱ्यांनी एखादा तास तरी पुस्तके मिटवून, एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असा घ्यावा. पेय्यालाच्या जागा गाळू नयेत. विद्यार्थी कोठे ओठ हलवतात हे पाहावे, आणि कोठे हलवायचे थांबतात तेथे वाचन थांबवून त्यांना बोलू द्यावे.