दुपारची कॉफी

दीड वर्षाने लिहितेय. हे गेले, पाठोपाठ मोतीबिंदू पिकला, आणि 'दिसत नाही' हे कारण मला बरंच सोयीचं झालं.

परवा ऑपरेशननंतर नातीने संगणकावर एक चित्र मोठं करून दाखवलं. सिल्वेस्त्रो लेगाचं, १८६८ सालचं, मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं. ऊन उतरत आलंय, वेलींच्या मांडवाखाली बायका आणि एक लहान मुलगी बसल्यात, मोलकरीण कॉफी घेऊन येतेय. एवढंच.

लेगा १८२६ साली मोदिल्याना या रोमान्यातल्या डोंगराळ गावात जन्मला. फ्लॉरेन्सला शिकला, १८४८च्या लढाईत स्वयंसेवक म्हणून गेला. पुढे गावच्या प्रार्थनामंदिरासाठी त्याने चार संकटं रंगवली : रोगराई, दुष्काळ, युद्ध, भूकंप. फ्लॉरेन्सजवळ बातेल्ली कुटुंबाच्या सहवासात मात्र बायकांचं गाणं आणि भेटीगाठी रंगवल्या. १८७०मध्ये त्याची लाडकी व्हर्जिनिया बातेल्ली क्षयाने गेली. डोळेही बिघडले. तो गावी परतला; काही वर्षं हात जवळजवळ थांबलाच.

पण त्याने पुन्हा कुंचला धरला. अधू डोळ्यांनीच रंगवत राहिला. १८९५मध्ये गेला.

आमच्याकडे चारचा चहा हे करायचे. अजूनही माझा हात दोन कपांकडे जातो, मग एक परत ठेवते. आज ठेवला नाही. नातीला हाक मारली, दुसरा कप तिला दिला, आणि लिहायला बसले.

असो. अक्षरं चुकली असतील तर सांभाळून घ्या.