पडलेलं झाड आणि दिवसाची हजेरी

मंडळी, सिल्वासातल्या बहुतेक मराठी घरांची गोष्ट सारखीच. कुणी धुळ्याहून आलं, कुणी जळगावहून, कारखान्यात लागलं आणि इथलंच होऊन गेलं. माझंही तसंच. फरक एवढाच, की मी मशीनवर नव्हतो, बागेत होतो. एका कारखान्याच्या आवारातली झाडं, हिरवळ आणि चौदा माळी माझ्याकडे असायचे. "फुलांना पाणी घालायचं, त्यात कसला आलाय धोका?" असं आमच्या घरीच म्हणायचे.

धोका कसला, ते पावसाळा दाखवतो. गुलमोहर आणि रेन ट्री दिसायला देखणे, पण मुळापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आणि केबलच्या चरात अर्धी मुळं तोडली, की माती भिजल्यावर पहिल्या मोठ्या वाऱ्यात आडवे होतात. म्हणून आमची खरी धावपळ एप्रिल-मेमध्ये असायची. वाळलेल्या फांद्या काढायच्या, एका बाजूला झुकलेला भार हलका करायचा. जाड फांदी कापताना आधी खालून थोडी खाच, मग जरा पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी साल सोलत खाली येते आणि शिडीवरच्या माणसालाही घेऊन येते.

हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही, खानवेलकडच्या एका वारली काकांनी शिकवलं. आमचे सगळ्यात जुने माळी. बोलायचे कमी.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. करोनाची दुसरी लाट चालू, निम्मी माणसं गावी. त्या रात्री वादळ दीवजवळ किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 160 ते 170 किलोमीटर होता. दुपारी मुंबईत कुलाब्याला 114 चा झोत नोंदला गेला होता. आपण मधल्या पट्ट्यात, तेवढा मारा नव्हता. पण सकाळी आमच्या गेटसमोर भलामोठा रेन ट्री मुळासकट पडलेला, त्याखाली विजेची तार, आणि आत माल भरलेले दोन कंटेनर अडकलेले.

वरून फोनवर फोन. "लाइट तर गेलेलीच आहे, कापायला घ्या!" लाइट गेली म्हणजे तार मेली, असं नसतं. कुणाचा तरी जनरेटर चालू असतो आणि उलटा प्रवाह येऊ शकतो. मी सरळ सांगितलं, वीज खात्याचा माणूस येऊन लाइन बंद असल्याचं सांगेपर्यंत करवत चालणार नाही. बरंच ऐकून घेतलं. तो माणूस आला साडेअकराला.

मग काम सुरू झालं. एक तरणा पोरगा मुळं तोडायला खड्ड्यात उतरायला निघाला. काकांनी त्याचा दंड धरला. "पडलेलं झाड मेलेलं नसतं. बसलेल्या बैलासारखं असतं, कधी उठेल सांगता येत नाही." खोडाचं वजन कापून वेगळं झालं, आणि मातीसकट ती मुळांची थाळी धाडकन सरळ उभी राहिली. खड्डा बंद. तो पोरगा काकांशेजारी उभा होता. कुणी काही बोललं नाही. मी चहा मागवला.

पण मंडळी, खरी अडचण वेगळीच होती. लाल इशारा आला की काम बंद ठेवा, हे आपण पगारदार माणसं सहज म्हणतो. रोजंदारीवाल्याला काम बंद म्हणजे चूल बंद. म्हणून वीज कडाडत असतानाही तो म्हणतो, "साहेब, काही नाही होत." त्याला धोका कळत नाही असं नाही. त्याला दोन धोक्यांतून एक निवडावा लागतो.

त्यावर आम्ही उपाय काढला. वादळी दिवसांसाठी छपराखालची कामं राखून ठेवायची: कोयते-कात्र्यांना धार लावणं, रोपांच्या पिशव्या भरणं, दोर तपासणं. हजेरी पूर्ण लावायची. ठेकेदार कुरकुरला, मग वळला. त्यानंतर गडगडाट ऐकू आला की माणसं आपणहून शेडमध्ये येऊ लागली आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबू लागली. झाडाखाली उभं राहणं बंद झालं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲपही आम्ही दोन-तीन पोरांच्या मोबाइलवर घेतलं.

आता निवृत्त झालोय. पण आपल्या सोसायट्यांमध्ये बघतो, तर वादळानंतर सगळ्यांत आधी माळ्यालाच हाक मारतात. "जरा ती फांदी काढ ना, गाडी निघत नाही." पायात स्लिपर, हातात कोयता, बाजूला तार.

गाडी तासभर थांबू शकते हो. आणि ज्या दिवशी काम थांबवाल, त्या दिवसाचीही हजेरी लावा. नुसतं 'सांभाळून रे' म्हणून माणूस सांभाळला जात नाही.