जगदीश्वराची पायरी

रायगडावर पहिल्यांदा गेलो तो सातवीच्या सहलीत. पाचाडला एसटीतून उतरलो आणि चित्‌ दरवाज्यापासून पळतच सुटलो. चौदाशेच्या वर पायऱ्या. मोजायला घेतल्या, पण महादरवाजा येण्याआधीच आकडा चुकला. वाटेत एका मावशींनी मडक्यातलं ताक दिलं. बाजारपेठेची जोती, टकमक टोक, हिरकणी बुरूज, सगळं धावतपळत पाहिलं. जगदीश्वराच्या दारात मी एक पायरी उडी मारून ओलांडली, एवढं पक्कं आठवतं.

त्या पायरीवर काय आहे ते कळलं कॉलेजात असताना. नगारखान्याच्या दारात कुजबुजलेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं का, हे तपासून आम्ही खुशीत देवळाकडे आलो. तिथं एक आजोबा बसले होते. म्हणाले, ‘‘खाली बघा, पोरांनो.’’ दगडात अक्षरं होती, कडा गुळगुळीत झालेली, खाचांत लाल माती. आजोबांनी माझं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. हिरोजी! ज्यानं महाराजांसाठी ही राजधानी उभारली, ज्या गडावर 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला, त्या माणसाचं नाव पायरीवर. महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांची पायधूळ आपल्या नावावर पडावी, एवढंच त्यानं मागितलं, असं सांगतात. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी वाडे जाळले, त्यांची नुसती जोती उरली. पायरी जागच्या जागी आहे.

यंदा आईला घेऊन गेलो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून रोपवेनं. चार-पाच मिनिटांत वर. तिथून देवळापर्यंत मात्र ती थांबत थांबत चालत आली. पायरीशी वाकून तिनं हात कपाळाला लावला. ‘‘नावावर पाय कसा रे देऊ?’’ मी हिरोजीची इच्छा सांगितली. ती क्षणभर थांबली, मग अनवाणी पाय अलगद ठेवून आत गेली.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं रायगडासह 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. फार आनंद झाला. आता गर्दी वाढेल, वाढावीच. पण बरेच जण बाजारपेठेवरूनच माघारी फिरतात. तुम्ही तसं करू नका, देवळापर्यंत जा. आणि फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरू नका. बोटाला ती नीट लागतात.