'बोर्ड गेलाय' म्हणजे नक्की काय गेलं?

पीसी बंद पडला की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींना हेच सांगितलं गेलं. मुलगी बारावीला, घरात एकच सेकंडहँड पीसी, आणि नव्याचे पैसे म्हणजे त्यांचं कित्येक महिन्यांचं शिवणकाम. म्हटलं, थांबा वहिनी, आधी उघडून बघू.

चालू केला की पंखा फिरायचा, लांब बीप यायचे, स्क्रीन काळीच. कधी लागलाच तर तारीख 2012 ची! तारखेचं कारण बोर्डावरचा गोल सेल, सीआर2032, 3 व्होल्टचा. वायर काढलेली असताना पीसीचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की तारीख मागे जाते आणि शिष्यवृत्तीची, प्रवेशाची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर पीसीच्या तारखेशी ताडून बघतो. लोक मात्र नेटला शिव्या घालतात.

बीप म्हटलं की पहिला संशय रॅमवर. वायर काढून दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. सोनेरी टोकं काळवंडलेली. खोडरबराने हलक्या हाताने पुसली, चुरा झटकला, मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावली. एक पट्टी कुठेही लावा, बीपच. दुसरीवर पीसी लगेच सुरू. म्हणजे गेली होती एक पट्टी, बोर्ड ठणठणीत! चांगल्या पट्टीवर रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही एरर नाही. जुनी डीडीआर3 पट्टी काहीशे रुपयांत मिळाली. (डीडीआर4 घेऊ नका, खाच वेगळी असते, बसतच नाही.)

आणि व्हिडिओ बघून उगाच बायोस अपडेट करू नका. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम बघितला, बास.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला. 11 ला टीपीएम 2.0 लागतो, त्यामुळे असे पीसी आता आणखीनच भंगारात ढकलले जाणार. त्यांच्यावर लिनक्स छान चालतं, हे दुकानात कोण सांगतं?

दुकानदाराला एवढंच म्हणा, कोणता पार्ट गेला ते पावतीवर लिहा आणि काढलेला पार्ट आमच्या हातात द्या. आमच्या इथे एकाने असं म्हटल्यावर "पुन्हा एकदा तपासतो" असं उत्तर मिळालेलं मी स्वतः ऐकलंय.