रमा, म्हणजे कोणती?

"आजी, कागदांवर बायका दोन दिसताहेत. बाई एकच कशावरून?"

खिडकीपलीकडच्या मुलीनं अगदी मऊ आवाजात विचारलं, पण मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. ह्यांना जाऊन दोन महिने झाले होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन मी त्या कचेरीत तिसऱ्यांदा आले होते. शाळेच्या दाखल्यावर मी कुसुम, ह्यांच्या नोकरीच्या कागदांत रमा. प्रतिज्ञापत्र करून आणायला हवं होतं.

माझं लग्न १९७४ सालचं. मुलाचं नाव माधव आणि सासूबाईंनी रणजित देसाईंच्या 'स्वामी'ची पारायणं केलेली. त्यामुळे सून कुठलीही आली तरी तिचं नाव रमा होणार, हे मी उंबऱ्यावरचं माप ओलांडण्याआधीच ठरलं होतं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले. मला कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर, विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस "रमा" अशी हाक आली की मी मागं वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून.

सासूबाईंची रमा म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांची. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला क्षयानं गेले. वय अवघं २७. रमाबाई त्यांच्यामागं सती गेल्या. कादंबरी वाचताना डोळे भरून येतात ते वेगळं. पण लग्नानंतर चिंतामणीच्या दर्शनाला गेलो, तेव्हा तिथलं त्यांचं वृंदावन पाहून माझ्या अंगावर काटा आला. परतताना मी ह्यांना म्हटलं, "नाव ठेवताना शेवटच्या पानापर्यंत वाचलं नव्हतं वाटतं?"

"आईनं वाचलं होतं. मी फक्त अंगठी धरली," हे म्हणाले.

दुसरी रमा मला वाचनालयात भेटली. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं पुस्तक मी सहज म्हणून घरी आणलं. तिथंही जोडी रमा-माधवाचीच, कारण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना लोक माधवराव म्हणत. पण मी थबकले ती दुसऱ्याच गोष्टीनं. ह्या बाई देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या यमुना. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी लग्न झालं आणि त्या रमा झाल्या. पुढं कळलं की डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. लग्नात नवऱ्यानं आनंदी केलं. पुस्तकांतून, पुतळ्यांवरून ह्या दोघी रमा आणि आनंदी म्हणूनच राहिल्या. त्या दोन यमुनांना पुन्हा कुणी हाक मारली असेल का, असं बराच वेळ मनात येत राहिलं.

ह्या दोघींच्या आयुष्यात तिसरी रमा आली. पंडिता रमाबाई. तिचं नाव मात्र जन्मापासून तिचंच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, तिनं लेकीला. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर ही मुलगी पायी देश हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. बंगाली वकिलाशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, दोन वर्षांच्या आत तो गेला. १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन ती पुण्यात आली. रानड्यांच्या रमाबाई तिच्या सभांना जाऊ लागल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खाऊ लागल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हाही पंडिताबाई तिथं हजर होत्या.

मधल्या काळात त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं त्यांचं शारदा सदन पुढं पुण्याला आलं, आणि मुलींना बाटवतात म्हणून १८९३ मध्ये एवढा गदारोळ झाला की सल्लागार मंडळातून स्वतः रानड्यांनीही अंग काढून घेतलं. रमाबाई रानड्यांना त्यावेळी काय वाटलं असेल? पंडिताबाईंनी पुढं केडगावला मुक्ती सदन उभारलं. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेल्यावर रमाबाई रानड्यांनी सेवासदनाला वाहून घेतलं. ह्यांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा कपाटातून मी त्या 'आठवणी' पुन्हा काढल्या होत्या. थेऊरची गोष्ट काही काढली नाही.

प्रतिज्ञापत्र घेऊन चौथ्यांदा कचेरीत गेले. तीच मुलगी होती. मजकूर वाचून म्हणाली, "रमा? माझ्या आईचंही हेच नाव. आजीनं रमाईवरून ठेवलं."

मला इतकी वर्षं रमा म्हटलं की पेशव्यांचा वाडा दिसायचा. तिच्या घरात रमा म्हणजे दापोलीजवळच्या वणंदची, लहानपणीच आईबाप गेलेली मुलगी. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकानं उठल्यावर जिचं लग्न लागलं ती. बाबासाहेब परदेशी शिकत असताना तिनं दारिद्र्यात घर धरून ठेवलं. पोटची मुलं एकामागून एक गेली, एकटा यशवंत राहिला. १९३५ मध्ये तीही गेली. बाबासाहेब तिला रामू म्हणत आणि 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे १९४० सालचं पुस्तक त्यांनी रामूच्याच स्मृतीला अर्पण केलं.

"तुमचं कुणावरून ठेवलं?" मुलीनं विचारलं.

"कादंबरीवरून," मी म्हटलं. ती खुदकन हसली.

मग तिनं कागद माझ्याकडं सरकवला. "इथं दोन्ही नावांनी सही करा, आजी. म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको."

रमा एका झटक्यात झालं; पन्नास वर्षांचा सराव. कुसुम लिहिताना मात्र पेन जरा अडखळलं. शेवटची ही सही केली होती ती कॉलेजच्या फॉर्मवर. 'कु' वळणदार काढायची माझी जुनी खोड होती, ती हातानं कुठं तरी जपून ठेवली होती. मुलगी थांबली होती. मागं रांग वाढत होती. मी सावकाश लिहिलं.