शब्दच तर बदलायचा आहे

मराठीत 'मुका मार' असा एक शब्दप्रयोग आहे. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पाहणाऱ्यास वरून काही दिसत नाही. आत मात्र ठणकत राहते. चिरणे, छाटणे, भोसकणे, टोचणे, ठेचणे, चेचणे, कुटणे असा इजेचा मोठा संसार आपल्या भाषेत नांदतो, आणि त्यातला प्रत्येक शब्द हत्याराची जात सांगून जातो. विळीने कोणी ठेचत नाही, वरवंट्याने कोणी चिरत नाही. हे सारे आम्हांला नव्याने आठवले त्याचे निमित्त काहीसे अनपेक्षित आहे. टेबलाभोवती बसून खेळावयाचा एक अमेरिकन खेळ, आणि त्यात तलवारीपुढे लिहिलेला एक शब्द.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण जमतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि सर्व मिळून तोंडी कथा रचतात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो. ते साधले की नाही हे फासे व नियम ठरवितात. आमच्याकडे खेळ मराठीतून चालतो आणि सूत्रधारी बहुधा आमच्याकडे असते. जमणाऱ्यांत काही जुने विद्यार्थी आहेत, काही स्नेही.

या खेळात शस्त्राच्या इजेला प्रकार असतो. प्रारंभी तो नव्हता. १९७४ च्या मूळ नियमांत सुरी असो की परशू, लागले की सहा बाजूंचा एकच फासा टाकावयाचा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत शस्त्रागणिक फासे वेगळे झाले. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये हाडांच्या सापळ्याला धारेच्या शस्त्राची इजा निम्मीच होऊ लागली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्रांच्या तक्त्यात प्रकाराचा स्वतंत्र रकाना आला : कापणारे, भोसकणारे, ठेचणारे. पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने सापळ्याचा हिशेब उलट बाजूने मांडला. त्यात तलवारीचा वार पुरा लागतो, मुका मार मात्र दुप्पट. निम्मे काय नि दुप्पट काय, प्रमाण तेच राहते. पण वाचन बदलते. आधीचा सापळा तलवारीला दाद देत नाही. नंतरचा सोट्यापुढे दुबळा ठरतो.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. आमच्या कंपूत मराठी घेऊन एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी आहे. तिचे पात्र म्हणजे एका पडक्या गढीतून निघालेली तरुण सैनिक; डाव्या हाती ढाल, कमरेला आजोबांची तलवार. घराण्याचे म्हणून तेवढेच काय ते उरलेले. गेल्या पावसाळ्यातील एका बैठकीत भुयारात तीन सापळे समोर उभे राहिले. सोबतचा पुजारी बेशुद्ध पडला होता आणि त्याचा गुर्ज त्याच्या हाताशी होता. गुर्ज उचलावा, सापळे फोडावेत, हा सरळ मार्ग. तो सोडून ती म्हणाली, "सर, माझ्या तलवारीने ठेचले असे धरू या ना. शब्दच तर बदलायचा आहे."

काव्यशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याच्यापुढे हे वाक्य उच्चारणे धाडसाचेच होते.

मंडळींत लगेच दोन तट पडले. एका इंजिनीयर स्नेह्यांचे म्हणणे असे की फासा आठ बाजूंचा तो आठच राहतो, मग 'कापणारे' खोडून 'ठेचणारे' लिहिल्याने कोणाचे काय जाते? दुसरे गृहस्थ वकिली करतात. ते म्हणाले, पुस्तकात 'कापणारे' असे छापले आहे, विषय संपला. आम्ही तिला गुर्ज सुचविला. त्यावर ती जे बोलली त्याने आम्हांला थांबावे लागले. "सर, आजोबांची तलवार टाकून तिने गुर्ज उचलला तर ती कदाचित जगेल. पण मग भुयारातून बाहेर येईल ती कोण?"

प्रश्न नुसत्या सोयीचा नव्हता, हे आमच्या लक्षात आले. तिला तलवारीचा अर्थ राखावयाचा होता, आणि त्यासाठीच ती तलवारीचा अर्थ बदलू पाहत होती. इंजिनीयर स्नेह्यांच्या लेखी शब्द ही बाटलीवरची चिठ्ठी होती, काढून दुसरी लावता येण्याजोगी. वकिलांच्या लेखी तो शिलालेख होता. वाङ्मयाचे विद्यार्थी शब्दाला यांपैकी काहीच मानत नाहीत.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध यावा लागतो. नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असावा लागतो. आणि त्या बदलामागे रूढी तरी असावी लागते किंवा प्रयोजन तरी. वर्गात आम्ही हे शेकडो वेळा सांगितले आहे. ते फाशांच्या शेजारी कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. तलवारीचा मुख्य अर्थ कापणे. मांसच नसलेल्या सापळ्यापुढे त्याला बाध आलाच. प्रयोजन तर तिने स्वतःच सांगितले. अडत होते ते मधल्या अटीशी, म्हणजे संबंधाशी. म्हणून आम्ही एवढेच विचारले, "तलवारीने ठेचलेस हे ठीक. पण तलवारीच्या कशाने?"

ती क्षणभर घुटमळली आणि मग म्हणाली, "उलटी धरते. पाते दोन्ही हातांत, मूठ समोर."

हे तिने पुस्तकातून उचललेले नव्हते. परंतु इतिहासात ते आहे. युरोपात अंगभर पोलादी चिलखत आले तेव्हा त्यावर तलवारीची धार निरुपयोगी ठरू लागली. मग तलवार उलटी करून, पाते दोन्ही हातांनी आवळून, मुठीचा लट्टू आणि आडवी दांडी हातोड्यासारखी हाणण्याची रीत रूढ झाली. जर्मन परंपरेत तिला 'मोर्डहाऊ' म्हणतात. हान्स टालहोफर याच्या १४६७ च्या शस्त्रविद्येच्या सचित्र पोथीत उघड्या हातांनी पाते धरून असा घाव घालणारी माणसे दिसतात. पकड घट्ट असेल तर तळवा कापत नाही. पाते हातात सरकले तर कापतो.

मग हिशेब मांडला. वाचकांनी कंटाळू नये, कारण खरा युक्तिवाद या आकड्यांतच आहे. तिच्या पात्राचे बळ ३, प्रावीण्य २. सापळ्याचा बचावांक १३, प्राणही १३. सरळ तलवार १०० पैकी ६५ वेळा लागते आणि सरासरी ७.५ इजा करते. म्हणजे दर खेपेस सुमारे ४.९ पदरात पडतात. गुर्जाचा फासा सहाचा, सरासरी इजा ६.५, सापळ्यावर दुप्पट म्हणून १३. दर खेपेस सुमारे ८.५. आणि नुसता शब्द खोडून तलवार 'ठेचणारी' केली असती तर? ७.५ ची दुप्पट १५. दर खेपेस जवळजवळ ९.८. म्हणजे तलवारीने गुर्जाला त्याच्या स्वतःच्या कामात हरविले असते. मग जगात गुर्ज कशासाठी उरतो? एका शब्दाला सारे काही करू दिले की शेजारचा शब्द निकामी होतो. समानार्थी म्हणून आपण ज्यांना हाताशी धरतो त्या शब्दांचे अखेर हेच होते.

उलट्या तलवारीला नियमांत वेगळी जागा आहे. हाती लागेल त्या वस्तूने हाणणे, असे ते कलम. त्यात फासा चारचा, प्रावीण्य धरावयाचे नाही, प्रकार सूत्रधाराने ठरवावयाचा. सरासरी इजा ५.५, दुप्पट ११. पण नेम १०० पैकी ५५ वेळाच लागतो. दर खेपेस सुमारे ६. सरळ तलवारीहून सरस, गुर्जाहून कमी. शिवाय दोन्ही हात पात्यावर गेल्यामुळे ढाल टाकावी लागते आणि तिचे बचावाचे २ अंक जातात. वकिलांचा शिलालेख अबाधित राहिला आणि मुलीची तलवारही. मागावयाची ती किंमत तेवढी मागितली गेली.

किमतीचा हा मुद्दा आपल्याकडे फार पूर्वी कोणीतरी ओळखलेला आहे. इंद्राने नमुचीला वचन दिले होते की ओल्याने मारणार नाही, सुक्यानेही नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही. मग धुके पडले असता, पाण्याच्या फेसाने त्याने त्याचे शिर उडविले. फेस ओला की सुका? अक्षर पाळले गेले, प्रकार बदलला गेला. परंतु महाभारताच्या शल्यपर्वातील कथा तेथे संपत नाही. ते तुटलेले शिर मित्रघातक्या म्हणत इंद्राच्या पाठीस लागते आणि अखेर त्याला अरुणेच्या तीर्थावर जाऊन स्नान करावे लागते. पळवाट नियमात बसली म्हणून कथेने ती फुकट दिली नाही.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही प्रत्येक बदलाकडे संशयाने पाहतो. याच कंपूत एका खेळाडूने पहिल्याच दिवशी सांगितले होते की माझा 'भाला' खरे म्हणजे शेंबी बसविलेली काठी आहे, त्याची इजा ठेचणारी धरा. आम्ही तत्काळ मान्य केले. पाचव्या आवृत्तीत दोहोंचा फासा सारखाच. सापळ्यापुढे त्याचा लाभ होईल, आणि जिथे टोकच हवे तिथे तो अडेल. फेकण्याची सोयही त्याने सोडली. हा बदल म्हणजे अनुवाद होता, आणि त्याचे नफेनुकसान तो पुढेही भोगणार होता. लाभाच्या क्षणी शब्द बदलावयाचा आणि लाभ संपताच पूर्ववत करावयाचा, हे मात्र अनुवादात बसत नाही. खेळाच्या कर्त्यांनीही असे कायमचे अनुवाद केले आहेत. काटेरी गोळ्याचा 'मॉर्निंगस्टार' २००३ च्या नियमांत ठेचणारा आणि भोसकणारा असा दोन्ही होता. २०१४ मध्ये तो केवळ भोसकणारा उरला. त्यापायी त्याने काहीतरी गमावले, आणि ते नव्या तक्त्यात उघड दिसते.

भुयारात पुढे काय झाले ते सांगून थांबतो. ढाल खाली पडली. पहिला घाव हुकला, दुसऱ्याने एका सापळ्याची कवटी फुटली. तिसऱ्या खेपेस फाशावर १ पडला. तेव्हा आम्ही सांगितले की पाते हातात सरकले, आणि तिने तक्रार केली नाही. दोन सापळे उरले होते. पुजारी शुद्धीवर येईपर्यंत ती कशीबशी उभी राहिली. पुढच्या बैठकीत तिच्या पात्राचा कागद आम्ही सहज पाहिला. तलवारीपुढे 'कापणारे' हा शब्द होता तसाच होता. खाली, वर्णनाच्या रकान्यात, बारीक अक्षरात एक नवी ओळ होती : दोन्ही तळव्यांवर आडवा व्रण.