फुंकरीचा हिशेब

नाशिकच्या आसपास द्राक्षांचा हंगाम आला कीं वेलींवर गंधकाची पूड उडूं लागते. भुरी रोगावर तो जुना व खात्रीचा उपाय आहे. त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु त्या पुडीचा कांहीं अंश धुरळणाऱ्याच्या नाकातोंडांतहि जातो. कॅलिफोर्नियांतील सॅलिनास खोऱ्यांत, जेथें आसपासच्या शेतांत गंधक अधिक वापरला गेला, तेथील मुलांच्या श्वासाचें बळ कांहींसें कमी भरलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

हें बळ मोजतात कसें? १८४६ सालीं जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्यानें आपलें श्वासमापक यंत्र लोकांपुढें मांडलें. त्याचाच वंशज म्हणजे आजचा स्पायरोमीटर. छातीभर श्वास घ्यावयाचा व तो जिवाच्या आकांतानें नळींत सोडावयाचा. पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर आली, हा कळीचा आंकडा. वय व उंची पाहून ठरविलेल्या अपेक्षेच्या शेंकडा ८० वर तो गेला, कीं बहुधा ‘ठीक’ असा शेरा मिळतो. मला शंका येते ती येथेंच. ज्याची फुंकर मुळांत शेंकडा ११० होती ती ८५ वर उतरली, तर जवळजवळ चौथाई बळ गमावूनहि तो मनुष्य कागदावर निरोगीच! माझ्या ओळखीच्या एका मजुराजवळ असाच ‘ठीक’ शेऱ्याचा कागद आहे. जिना चढतांना तो दोनदां थांबतो.

दुसरी अडचण फुप्फुसाच्या रचनेंतच आहे. ज्यानें पाटाचें पाणी भरलें आहे त्याला ती चटकन् समजेल. पाटाच्या तोंडाशीं पाणी मोजून कोणत्या शेतांतली चारी गाळानें बुजली हें कळत नाहीं. दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिका असंख्य आहेत. त्यांतल्या पुष्कळ बुजल्या तरी एकंदर प्रवाहांत फारसा फरक दिसत नाहीं. इराणांतील सरदश्त या गांवावर २८ जून १९८७ रोजीं मस्टर्ड वायूचे बाँब पडले. अशा वायूनें पोळलेल्या कित्येक इराणी लोकांना पुढें वर्षानुवर्षें धाप लागे, आणि फुंकरीचा आंकडा मात्र सामान्य येई.

अशा वेळीं ऑसिलोमेट्री उपयोगी पडते. ही रीत १९५६ सालची. हिच्यांत जोर लावावयाचा नाहीं. गाल हातांनीं धरून स्वस्थ श्वास घेत बसावें. यंत्र हवेचे बारीक हेलकावे आंत सोडतें. मंद हेलकावे खोलवर पोंचतात, जलद हेलकावे मोठ्या नळ्यांपलीकडे फारसे जात नाहींत. दोहोंच्या फरकावरून बारीक नळ्यांची अवस्था ताडतां येते. मीं दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. पहिलीनें घेरी आली, दुसरींत डोळा लागूं लागला. मात्र दुसरीलाहि सर्वज्ञ समजूं नये: अडथळा आहे एवढें ती सांगेल, तो गंधकाचा कीं विडीचा हें सांगणार नाहीं.

म्हणून ज्याची त्याच्याच पूर्वीच्या आंकड्याशीं तुलना मला अधिक मोलाची वाटते. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळला विषारी वायु पसरला. त्या रात्रीपूर्वींची आपली फुंकर कितीजणांना ठाऊक असणार? आमच्या बागांत धुरळणी तर आधीं ठरवून होते. हंगामापूर्वीं एकदां स्पायरोमीटरवर फुंकर मोजावी, आणि पुढें आंकडा बरा असूनहि जो धापेची तक्रार करील त्याला ऑसिलोमेट्रीसाठीं पाठवावें. बागाईतदाराच्या वहींत फवारणीच्या तारखा असतातच. त्याच पानावर मजुराच्या फुंकरीला एक ओळ पुरे.